पीलच्या नावाने एक गुरुवार: चार बँड, १२० माणसं आणि अकराचा ठोका

इंग्लंडमधल्या एका लहान गावात पबच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. लाकडी फळ्यांची जमीन, बुटकं छत, एका टोकाला फूटभर उंचीचा मंच आणि दुसऱ्या टोकाला बार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी इथे चार बँड वाजवणार आहेत आणि पोस्टरवर नाव जॉन पील या रेडिओ निवेदकाचं आहे. खोली आणि तिचे आकडे इथे नमुन्यादाखल घेतले आहेत. कायदे, तारखा आणि पील मात्र खरे. अशी रात्र फसते ती तीन-चार ठरलेल्या जागीच, म्हणून ती तासातासाने उलगडून पाहण्यात अर्थ आहे.

गुरुवारच का

जॉन पील म्हणजे जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलचा. १९६७ मध्ये समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या 'रेडिओ लंडन' या चोरट्या केंद्रावर तो मध्यरात्रीनंतर रेकॉर्डी लावायचा. ते केंद्र ऑगस्टमध्ये बंद पडलं, सप्टेंबरअखेर बीबीसीचं 'रेडिओ १' सुरू झालं, आणि पील तिथे गेला तो २००४ पर्यंत तिथेच राहिला. त्याचा शेवटचा कार्यक्रम १४ ऑक्टोबर २००४ च्या गुरुवारचा. त्यानंतर तो पेरूला गेला आणि २५ ऑक्टोबरला कुस्को शहरात हृदयविकाराच्या झटक्याने वारला.

वर्षभराने, १३ ऑक्टोबर २००५ ला, बीबीसीने पहिला 'जॉन पील डे' घडवून आणला. जमेल त्याने जमेल तिथे कार्यक्रम करावा, एवढंच आवाहन होतं. ब्रिटनभर आणि थेट कॅनडा-न्यूझीलंडपर्यंत मिळून पाचशेच्या वर कार्यक्रम झाले. २००६ मध्ये १२ तारीख, २००७ मध्ये ११. दर वेळी दुसरा गुरुवार. त्यानंतर रेडिओ १ ने हात काढून घेतला, पण ठिकठिकाणच्या लोकांनी ही प्रथा पुढेही काही वर्षं चालू ठेवली.

गुरुवारचा एक तोटा आहे, तो आधीच मांडून ठेवायला हवा. दुसऱ्या दिवशी लोकांना कामावर जायचं असतं आणि लहान गावातली शेवटची गाडी अकराच्या आगेमागे सुटते. म्हणजे पावणेअकराला खोलीतली निम्मी माणसं कोट शोधू लागतात.

कोणाला बोलवायचं

पीलच्या नावाने रात्र करायची म्हटलं की पहिला मोह होतो तो जुन्या गाण्यांचा. १९७८ च्या आसपासची पंक गाणी हुबेहूब वाजवणारे चार बँड आणले की तिकिटं खपतात, पन्नाशीतले लोक खूश होतात. पण तो माणूस आयुष्यभर उलटं करत होता. पोत्यांनी आलेल्या टेपा ऐकायच्या आणि काल कोणी ऐकला नव्हता असा बँड आज लावायचा, हे त्याचं काम. रेडिओवर दिवसाला किती वेळ रेकॉर्डी वाजवायच्या यावर तेव्हा करारानेच मर्यादा होती. उरलेला वेळ भरायला बँडला स्टुडिओत बोलवून ध्वनिमुद्रण करत. बहुतेक वेळा लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत, एका दिवसात चार गाणी. या अडचणीतूनच पील सेशन्स उभी राहिली: दोन हजारांहून जास्त कलाकार, चार हजारांहून जास्त सेशन्स. 'द फॉल' या एकट्या बँडची २४.

म्हणून या प्रकरणातला पहिला निर्णय असा की चारही बँड स्वतःची गाणी वाजवतील. त्यात प्रत्येकी फक्त एक गाणं पील सेशन केलेल्या दुसऱ्या कोणाचं. आणि 'द अंडरटोन्स'चं 'टीनेज किक्स' कोणीही वाजवायचं नाही. पीलचं ते सगळ्यात लाडकं गाणं, त्यातली एक ओळ त्याच्या थडग्याच्या दगडावरही आहे. न सांगता सोडलं तर चारपैकी तीन बँड तेच बसवून येतील. ज्यांनी ही काळजी घेतली नाही त्यांच्याकडे असं होतंच.

उसन्या गाण्याचा एक त्रास कोणी आधी लक्षात घेत नाही. ते गाणं बँडच्या नेहमीच्या पट्टीत नसतं, गिटार उतरवून लावावी लागते, आणि पंचवीस मिनिटांच्या खेळातली दोन-तीन मिनिटं खुंट्या पिळण्यात जातात. गाणं अगदी पहिलं किंवा अगदी शेवटचं ठेवा, किंवा दुसरी गिटार आधीच लावून आणा, हे पत्रात लिहून द्यावं.

आता क्रम. आपल्याकडे एक पाच जणांचा बँड आहे, एक तिघांचा, एक चौघांचा आणि एक दोघांचा, नुसती गिटार आणि ड्रम. रूढ पद्धत अशी की सगळ्यात नवा बँड आधी आणि सगळ्यात नावाजलेला शेवटी. इथे ती मोडली आहे. पाच जणांचा बँड पहिला, कारण त्यांचं सामान सगळ्यात जास्त आणि साउंडचेकनंतर, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून पाहिल्यावर, ते हलवावंच लागत नाही. मग तिघे. तिसरे गावातले चौघे, ज्यांचे मित्र आणि काका-मावश्या सगळ्यात जास्त येणार. ते दहाच्या आत वाजवून होतात, म्हणजे कोणाची गाडी चुकत नाही. दोघांचा बँड शेवटी. त्यांना मंचावर उभं राहायला सात-आठ मिनिटं पुरतात, तेव्हा रात्र उशिरा धावत असली तरी तो उशीर त्यांच्याकडे भरून निघतो. मंच दर बँडगणिक मोकळा होत जायला हवा. पाच जणांना शेवटी ठेवणाऱ्यांची रात्र पावणेदहालाच गळ्याशी येते.

भरलेल्या खोलीत तोटा

अग्निसुरक्षेच्या हिशेबाने हॉलची क्षमता १२० आहे. पुष्कळ जण याचा अर्थ १२० तिकिटं असा घेतात आणि तिथेच चूक होते, कारण या आकड्यात खोलीत श्वास घेणारा प्रत्येक माणूस येतो. वादक १४. साउंडवाला, डीजे, बारवर दोघं, तिकिटांवर एक, सुरक्षारक्षक एक आणि धावपळ करणारा आयोजक, असे ७. झाले २१. उरले ९९.

खर्च: साउंडवाला १५० पाउंड, परवानाधारक सुरक्षारक्षक ९०, चार बँडना प्रत्येकी ६० म्हणजे २४०, पोस्टर ४०, टेप-बॅटऱ्या-तारा २५, वादकांचं जेवण ४५. एकूण ५९०. हॉल फुकट, कारण पबवाल्याला बारची विक्री हवी आहे. तिकीट ८ पाउंड. तोंडमिळवणीला ७४ तिकिटं लागतात.

मग पाहुण्यांची यादी येते. प्रत्येक वादकाचा एक पाहुणा धरला तर १४ गेले, विकायला ८५ उरली, वर ११ तिकिटांची सवड. 'दोन-दोन आणा' असं कोणी मोठ्या मनाने म्हणून गेलं की २८ जातात आणि विकायला ७१ च उरतात. खोली शिगोशीग भरली, बाहेरून लोक परत गेले, तरी २२ पाउंडांचा खड्डा. लग्नाच्या पंगतीत यजमानाचेच पाहुणे जास्त झाले की जे होतं तेच इथे.

आणि १२० हा आकडा तरी कुठे पक्का आहे? हॉलला दोन वाटा आहेत: पुढचा जिना आणि मंचामागचा लोखंडी जिना. इंग्लंडमधल्या अग्निसुरक्षा मार्गदर्शनाप्रमाणे एकच वाट असलेल्या अशा खोलीत साधारण ६० च्या वर माणसं घेत नाहीत. ड्रमच्या रिकाम्या पेट्या ठेवायला बँडना सगळ्यात सोयीची जागा कोणती? मागचा जिना. पेट्या तिथे गेल्या की क्षमता कागदावर १२० राहते आणि खरी निम्मी होते. चार वाजता सामान येतं तेव्हाच पेट्यांची जागा दाखवावी. इथे ती खालच्या मजल्यावरची बिअरच्या पिंपांशेजारची भिंत आहे. जागा दाखवली नाही तर पेट्या जिन्यावरच जाणार, यात बँडचा दोष नाही.

परवाने

हा भाग लोकांना वाटतो त्याहून सोपा आणि वाटतो त्याहून घट्ट आहे. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टप्रमाणे दारूचा परवाना असलेल्या जागेत, ती जागा चालू असताना, सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत माइकवरच्या जिवंत संगीतालाही वेगळा परवाना लागत नाही. श्रोत्यांची मर्यादा आधी २०० होती, एप्रिल २०१५ पासून ५००. अकरानंतर ही सूट संपते. अकरा म्हणजे अकरा. शेवटच्या गाण्याचा शेवटचा झणकारही त्याच्या आत.

अकरानंतर डीजे चालू ठेवायचा असेल आणि पबच्या परवान्यात ते बसत नसेल, तर नगरपालिकेला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते. शुल्क २१ पाउंड, मुदत दहा पूर्ण कामाचे दिवस. यात सूचना पोचल्याचा दिवस धरायचा नाही आणि कार्यक्रमाचाही नाही. गुरुवारच्या कार्यक्रमासाठी मधे बँकेची सुट्टी नसेल तर आदल्या आठवड्याच्या आदल्या आठवड्यातला बुधवार हा शेवटचा दिवस. दोन आठवडे आधीच्या गुरुवारी दिली की ती उशिराची ठरते, आणि उशिराच्या सूचनेवर पोलिसांनी किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाने हरकत घेतली की सुनावणी न होता ती तिथेच संपते.

गाण्यांच्या हक्कांसाठी पबकडे पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि पीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी) यांचा एकत्रित संगीत परवाना असावा लागतो. तो असला की दुसऱ्याचं गाणं मंचावर वाजवायला वेगळी परवानगी काढावी लागत नाही. पीलचा आवाज मात्र लावायचा नाही. जुन्या कार्यक्रमांच्या ध्वनिफिती बीबीसीच्या मालकीच्या आहेत. घरी टेप करून ठेवलेलं लाउडस्पीकरवर सोडणं हा वेगळा मामला. पोस्टरवर नाव चालतं, बीबीसीचं बोधचिन्ह नाही.

आवाज: इथे खरी लढाई

छत बुटकं, खोली बारा मीटर लांब. अशा जागी ड्रम माइकशिवायच शंभर डेसिबलच्या घरात जातात. बाकी सगळं त्यांच्या मागून धावतं, आणि सगळ्यात मागे गाणाऱ्याचा गळा. मोठे स्पीकर आणून हा प्रश्न सुटत नाही. मंचावरचा आवाज कमी केला तरच सुटतो. शंभर वॉटचे गिटार ॲम्प दारातूनच परत पाठवावेत, पंधरा-तीस वॉटचे वाल्व्ह ॲम्प भरपूर झाले. तेही श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे नाहीत. मंचाच्या कडेला, आडवे, आणि खुर्चीवर मागे कललेले ठेवावेत, म्हणजे आवाज वादकाच्या कानात जातो, गुडघ्यात नाही. कमी ऐकू येतं म्हणून वाढवतो तो बहुतेक वेळा गुडघ्याने ऐकणारा असतो.

माइकची शिट्टी हा दुसरा रोग. एसएम ५८ सारखा माइक बरोबर पाठीमागून सगळ्यात बहिरा असतो, म्हणून गाणाऱ्याचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, थेट समोर, माइकच्या शेपटीकडे. बीटा ५८ आणला तर तोच मॉनिटर शिट्टी मारायला लागतो, कारण त्याच्या बहिऱ्या बाजू दोन आणि तिरप्या. मॉनिटर डावी-उजवीकडे सरकवावा लागतो. गाणाऱ्याने जाळीचा गोळा मुठीत धरला की दोन्ही हिशेब बुडाले. हे साउंडचेकला सांगावं. गाणं चालू असताना हातवारे करून कोणी ऐकत नाही.

पाच जणांच्या बँडला मिक्सरच्या अकरा वाहिन्या लागतात: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा लहान ड्रम), ड्रमच्या डोक्यावर एक, बास, दोन गिटार, कीबोर्डच्या दोन, गाण्याचे तीन माइक. दोन वाहिन्या टर्नटेबलला. सोळाच्या मिक्सरवर तीन उरतात, आणि उरायलाच हव्यात, कारण एक केबल त्या रात्री मरणारच.

छतातून एक लहान माइक लोंबतो आहे आणि भिंतीवर हिरवा-पिवळा-लाल दिवा आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारींनंतर नगरपालिकेने बसवायला लावलेला हा आवाजरक्षक. लाल दिवा काही सेकंद टिकला की मंचावरच्या सॉकेटांची वीज तोडतो. वीज गेली की डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि परत उठायला मिनिटभर तरी घेतो. त्या वेळात गाणं मरतं. बारमागच्या सॉकेटवरून लांब वायर ओढण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. ती पबच्या परवान्याची अट मोडते. वेगवेगळ्या टोकांच्या सॉकेटांमुळे घुंऽऽ असा हमही येतो, आणि तो घालवायला कोणीतरी प्लगमधली अर्थिंगची तार काढतो. ती कधीही काढायची नाही, वाद्य आणि मिक्सर यांच्यामधल्या डीआय बॉक्सवरचा ग्राउंड-लिफ्ट त्यासाठीच असतो. सरळ उपाय दोन. मिक्सरला संगणकाचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज परत आली की बँड लगेच सुरू. आणि ड्रमखाली दोन मीटरचा जाड गालिचा, स्नेअरवर टेपचा तुकडा, ड्रमरला हलक्या काठ्या. ड्रमरला 'हळू वाजव' म्हटलं की तो रुसतो. काठ्या हातात दिल्या तर वाजवतो.

बारवरच्या दोघांचा विचार सहसा कोणी करत नाही. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनुसार आठ तासांच्या सरासरीने ८५ डेसिबलला मालकाने कानाचं संरक्षण द्यायचं आणि ते वापरलं जातंय हे पाहायचं बंधन येतं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. बारपाशी ९७ असेल तर पहिला बँड दुसऱ्याला जागा देतो आहे तोवरच त्यांचा दिवसाचा वाटा संपत आला. चार बँड मिळून वाजणार ११५ मिनिटं. बोळे बारवरच ठेवावेत, आणि श्रोत्यांनाही फुकट.

लाकडी जमीन आणि सुई

बँडच्या मधल्या वेळात रेकॉर्डी. पीलसारखं लावायचं म्हणजे जमैकन डब, मग झिंबाब्वेतल्या भुंडू बॉइजची गिटार, मग कानठळ्या बसवणारं काहीतरी. तो अधूनमधून रेकॉर्ड चुकीच्या वेगावर लावायचा आणि हवेतच कबूल करायचा. डीजेने त्याची नक्कल मुद्दाम करू नये. आपोआप होईलच.

खरा त्रास जमिनीचा. वरच्या मजल्याच्या फळ्या उड्या मारणाऱ्या पावलांनी लवतात, टेबल हलतं आणि सुई उडते. दुसरं म्हणजे बासचे स्पीकर फळ्यांतून टर्नटेबलला हलवतात, तो थरथराट सुई उचलते, परत स्पीकरला देते, आणि खोलीत खालच्या पट्टीत भोंगा सुरू होतो. उपाय बागेत मिळतो. ४५ सेंटिमीटर चौरस, पाच सेंटिमीटर जाड फरशी, वजन तेवीस-चोवीस किलो. तिच्याखाली सायकलची अर्धवट भरलेली ट्यूब, वर टर्नटेबल. ट्यूब कडक भरली तर काही उपयोग नाही, अंगठ्याने दाबली की निम्मी दबावी. सुईचा भार उत्पादकाने सांगितलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत वाढवावा. टेबल बासच्या स्पीकरपासून लांब, भिंतीला टेकून, जिथे जमीन सगळ्यात कमी लवते तिथे. फरशी जिन्यावरून न्यायला दोघं लागतात, आणि हे काम चार वाजताच करावं.

घड्याळ

सामान चारला. साउंडचेक उलट्या क्रमाने: दोघे ४:४५ ला, गावातले चौघे ५:३० ला, तिघे ६ ला, पाच जण ६:३० ला. सातला जेवण, एका मोठ्या पातेल्यात राजम्याची तिखट भाजी आणि भात, म्हणजे शाकाहारी-मांसाहारी प्रश्न येत नाही. दार ७:३० ला.

८:०० ते ८:२५ पाच जण. वीस मिनिटं अदलाबदल. ८:४५ ते ९:१० तिघे. वीस मिनिटं. ९:३० ते १० गावातले. वीस मिनिटं. १०:२० ते १०:५५ दोघे.

वीस मिनिटांची अदलाबदल ड्रम एकच असेल तरच जमते. ड्रमचा सांगाडा, बासची पेटी आणि गिटारच्या पेट्या सामायिक. स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. हे तीन आठवडे आधी लिहून कळवायचं, आणि सोबत एक प्रश्न विचारायचा जो नेहमी राहून जातो: कोणी डावखुरा ड्रमर आहे का? डावखुऱ्यासाठी सगळा संच उलटा लावायला दहा मिनिटं, नंतर सुलटा करायला दहा. तसा ड्रमर असेल तर तो पहिला किंवा शेवटचा हवा.

उशीर कधीच एकदम येत नाही. पहिल्या बँडला 'आणखी थोडे लोक येऊ देत' म्हणून दहा मिनिटं थांबवलं, दुसऱ्याने गाणं एक जास्त घेतलं, तिसऱ्याच्या मित्रांनी पुन्हा एकदाचा गलका केला, की शेवटच्या दोघांकडे पस्तीसऐवजी पंधरा मिनिटं उरतात. दार रिकामं असलं तरी पहिला बँड आठलाच सुरू करावा. मिक्सरजवळ बॅटरी घेऊन एक माणूस उभा असावा: पाच मिनिटं उरली की ती एकदा चमकवायची, एक गाणं उरलं की दोनदा.

पैशांची पाकिटं बँडने सामान बांधण्याआधी हातात द्यावीत आणि त्याच वेळी प्रत्येकाकडून गाण्यांची यादी मागून घ्यावी. मंचावर पडलेला, बुटाने तुडवलेला तो कागद पीआरएसला वाजलेली गाणी कळवायला लागतो. त्याशिवाय नव्या गीतकाराचे पैसे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

१०:५५ ते ११ ही पाच मिनिटं वेळापत्रकात मुद्दाम रिकामी सोडली आहेत. सप्टेंबर १९७८ मध्ये पीलने 'टीनेज किक्स' लावलं आणि संपल्यावर लगेच परत लावलं. गाणं अडीच मिनिटांहून जरा कमी लांबीचं आहे, तेव्हा १०:५५ ला सुई टेकली तर ते दोनदा बसतं. दोघांनी १०:५७ केले तर एकदाच. १०:५८ झाले तर रेकॉर्ड पाकिटातच राहू द्यावी. टेकवण्याआधी वेगाचं बटण ४५ वर आहे ना, एवढं पाहावं.